टेबलावरचा दिवा

२ मार्च, शनिवार

रिटायरमेंटचा पहिला दिवस. काल निरोपसमारंभ झाला. साहेब भाषणात म्हणाले, येओंग सेंग-पोऊ यांच्याशिवाय आपलं आकडे खातं पोरकं होईल. दुसऱ्यांदा माझं नाव घेताना चुकले. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आमच्यात कुणाला घड्याळ देणं म्हणजे तुझी वेळ भरली असं सांगणं, हे शेंबडं पोरही जाणतं. नव्या पिढीला रीत ठाऊक नाही, दुसरं काय. मी असलं काही मानत नाही. घड्याळ खालच्या मजल्यावरच्या चाओला देऊन टाकलं.

आता मुद्दा. मकावच्या सरकारी नोकराला कॅसिनोत जायची मुभा फक्त चिनी नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस. एरवी काचेबाहेरून बघा. तीन दिवसांत मिठातलं बदकाचं अंडंसुद्धा खारत नाही, खेळायची सिस्टीम कुठून मुरणार? सोमवारपासून मी मोकळा.

बाकारा या पत्त्यांच्या खेळात लोक हरतात, कारण त्यांच्याकडे माहिती नसते. खेळ काय आहे? एक बाजू बँकर, एक बाजू प्लेअर. दोघांना पत्ते वाटतात, नवाच्या जवळ जो जाईल तो जिंकला. आपण फक्त कोण जिंकणार त्याच्यावर पैसे लावायचे. एवढं सोपं असून शहराचं शहर हरतं. मी जन्मभर मासळीची आवक आणि हॉटेलांतल्या खोल्या मोजल्या. आकडे माझ्याशी बोलतात.

ठराव: रोज ठरलेलीच रक्कम. हरलो की उठायचं. जिंकलो तरी उठायचं. बायकोशी खोटं बोलायचं नाही.

आ-क्यूनला सांगितलं, सोमवारपासून लायब्ररीत जाणार आहे.

४ मार्च, सोमवार

बंदराकडचा मोठा कॅसिनो निवडला. अभ्यासपूर्वक. त्यांची बस फुकट आहे.

दारात दोन गोष्टी फुकट मिळतात. एक, पेन्सिल आणि निकाल टिपायचा कागद. दुसरं, ‘जबाबदारीने खेळा’ असं पत्रक. त्यात लिहिलंय, प्रत्येक डाव स्वतंत्र असतो, मागच्या निकालांवरून पुढचा कळत नाही. पत्रक फेकलं. फुकट वाटायच्या कागदावर कोणी खरं छापतं का? पेन्सिल मात्र ठेवली. हे लोक आपल्याविरुद्धचं हत्यार आपणच गिऱ्हाइकाच्या हातात देतात. भोळे आहेत बिचारे.

प्रत्येक टेबलापाशी पडदा. बँकर जिंकला की लाल गोल, प्लेअर जिंकला की निळा. त्या गोलांच्या रांगांना रस्ते म्हणतात. मोठा रस्ता, छोटा रस्ता, झुरळ-रस्ता. सामान्य माणूस मोठा रस्ता बघतो. मी झुरळ बघतो.

हरलो. अपेक्षितच होतं. आज नुसती माहिती गोळा करत होतो.

घरी आल्यावर आ-क्यूननं विचारलं, लायब्ररीत काय वाचलंस. म्हटलं, झुरळांवर एक पुस्तक.

१३ मार्च, बुधवार

आ-क्यूनला कळलं. शहर लहान आणि तिचा पेजेचा गाडा तीन दिवे चौकात; अख्खं मकाव तिथे बसून पेज पितं आणि माझ्याबद्दल बोलतं. रागावली नाही. फक्त म्हणाली, झुरळं मारायचं औषध आणायचं का, म्हाताऱ्या?

फंड जमा झाला. मी तिला शब्द दिला होता, हे मान्य आहे: फंड आला की गाडा बंद. रोज अंधारात उठून तांदूळ ढवळून ढवळून तिचं उजवं मनगट गेलंय. पण भांडवलाला हात लावला तर सिस्टीमचा पायाच हलतो. तिला नीट समजावलं, अजून थोडे दिवस ढवळ. म्हणाली, मनगट दुखतं. म्हटलं, डाव्या हातानं ढवळ.

सूचना चांगली होती. तिनं दार आपटलं.

२२ मार्च, शुक्रवार

हरतोय, पण हरण्यात आता एक शिस्त आली आहे. शिस्त आली की उलगडा जवळ आलाच.

आज मोठी ओळख झाली. मादाम लोक (लोक हे आडनाव). सराफाची विधवा, दोन्ही हातांत जेड, बोलणं तुपासारखं. बरेच दिवस माझ्या मागे उभ्या राहून माझा खेळ बघत होत्या म्हणे. त्यांच्याबरोबर काम नावाचा एक दातपडका, पूर्वी टॅक्सी चालवायचा. मादाम म्हणाल्या, मास्तर, एवढा विचार करून पैसे लावणारा माणूस मी या हॉलमध्ये पाहिला नाही. काम म्हणाला, खरंच, असा माणूस शोधून सापडत नाही.

मला मधली खुर्ची दिली. पडदा तिथून सरळ दिसतो. माझ्यासाठी दुधाचा चहा आणि पोर्कचा पाव मागवला. गुणाची पारख लागते, पैशाची नाही.

एक विचित्र गोष्ट. मी बँकरवर लावलं की ही मंडळी प्लेअरवर लावतात. मी प्लेअरवर गेलो की बँकरवर. समजावून सांगितलं, झुरळ-रस्ता दाखवला. मान डोलावतात आणि पुन्हा तेच. शिकवलेलं मुरायला वेळ लागतो. आमच्या खात्यातही असेच लोक होते.

२९ मार्च, शुक्रवार

टेबलाशी गर्दी वाढतेय. मी दिसलो की लोक दुसरी टेबलं सोडून येतात. माझं नाव पडलं आहे: दिवा. आज मी आत शिरलो तर कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं, आला रे दिवा आला! पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, मी आलो म्हणून कोणी ओरडलं नव्हतं.

दिवा म्हणजे अंधारात वाट दाखवणारा. आम्ही राहतो तीन दिवे चौकात. चौथा मी.

आ-क्यूनला हे सांगितलं. ती मनगटाला औषधी तेल चोळत होती. म्हणाली, बरेच दिवे लावलेस. थकलेली होती, म्हणून जास्त बोलली नसावी.

आज चक्क बरेच डाव जिंकलो. टेबल एकदम शांत. कोणी अभिनंदन केलं नाही. काम तर तोंड फिरवून थुंकला. मत्सर हा मनुष्यस्वभाव आहे.

५ एप्रिल, शुक्रवार

छिंगमिंग, पितरांचा सण. बाबांच्या थडग्यावर गेलो, गवत काढलं, भाजलेलं डुक्कर आणि संत्री ठेवली. बाबा कुत्र्यांच्या शर्यतीत सगळं घालवून बसले होते. आई शेवटपर्यंत फटाक्यांच्या कारखान्यात वाती वळत राहिली. बाबांची चूक एकच. कुत्र्यांबद्दल खात्रीची माहिती मिळत नाही. कुत्रे बोलत नाहीत.

मी त्यांना मनातल्या मनात सांगितलं, तुमचा मुलगा पद्धतशीर खेळतो.

आ-क्यून त्यांना वाकून नमस्कार करताना काहीतरी पुटपुटली. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, मागितलं नाही, विचारलं. काय विचारलंस? म्हणाली, सासूबाईंनी तुम्हाला सहन कसं केलं ते.

१२ एप्रिल, शुक्रवार

रक्तदाबाची गोळी घरी विसरलो. आ-क्यून ती घेऊन थेट कॅसिनोत आली. ॲप्रन तसाच, त्याला पेज लागलेली. जरा लाज वाटली. मादामांनी मात्र तिला मोठ्या प्रेमानं शेजारी बसवलं, कानात काहीतरी सांगितलं. माझी स्तुतीच असणार, कारण आ-क्यून आधी माझ्याकडे बघत राहिली, मग टेबलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. अशी नजर मी लग्नानंतर पाहिली नव्हती.

बराच वेळ थांबली. मी नेमका वाईट पट्ट्यात सापडलो होतो, डावामागून डाव हरत होतो. तरी ती खिन्न दिसली नाही.

रात्री जेवायला वाफवलेला मासा, आलं-कांदा घालून. माझ्या वाट्याला मासळीचे गाल, माशातला सगळ्यात चवदार घास. उठताना विचारलं, उद्या जाणार ना? म्हटलं, शनिवारी गर्दी असते, बघू. म्हणाली, बघू काय, जायचं. तुझा अभ्यास बुडेल.

शेवटी पटलं तिला. माणसाला बोलून पटवता येत नाही, काम करून दाखवावं लागतं.

३० एप्रिल, मंगळवार

फंडाची परिस्थिती: थोडी कृश.

पण घरात वातावरण उत्तम. आ-क्यून रोज माझा शर्ट इस्त्री करते. रोज विचारते, आज मनापासून खेळलास ना? काम हल्ली तिच्या गाड्यावर पेज प्यायला येतो, दोघं कुजबुजतात. तो तिच्याकडून उसने घेत असावा. तिला सावध केलं, या माणसाच्या हातात पैसे देऊ नकोस. म्हणाली, तुझ्या हातात देऊ?

बायकांना व्यवहार कळत नाही, पण आजकाल मी रागावत नाही.

१० मे, शुक्रवार

फंड संपला.

शांतपणे लिहितो. सिस्टीम चुकलेली नाही, भांडवल कमी पडलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेबलावरून उठलो, मादामांना म्हटलं, आता येणं व्हायचं नाही.

मंडळींचे चेहरे पडले. एक म्हातारा तर रडवेला झाला. मादामांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मास्तर, पैशाचं काय घेऊन बसलात, पैसा आमचा, डोकं तुमचं. माझ्यासमोर चिप्सची चळत ठेवली. अट एकच: मनात जे येईल तेच लावायचं. प्रामाणिकपणे.

याला म्हणतात आश्रयदाता. पूर्वी राजे पंडितांना पोसत, तसं.

गंमत म्हणून एकदा मनात बँकर असताना प्लेअरवर लावलं. मादामांना कसं कळलं कोण जाणे. तूप एकदम गोठलं. म्हणाल्या, चाळे नकोत. मनातलं लाव.

घरी येऊन आ-क्यूनला फंडाचं सांगितलं. तिनं भांडी घासणं थांबवलं नाही. म्हणाली, बरं. मग म्हणाली, उद्या निळा शर्ट घाल.

थोर बाई आहे. मी तिच्यावर अन्याय केला का? नाही, तसा नाही.

२४ मे, शुक्रवार

लाल चड्ड्या घेतल्या, बाजारातून, तीन. मी शकुन मानत नाही. पण टेबलावर सगळेच लाल घालतात, तेव्हा माझ्या एकट्याच्या न घालण्यानं प्रयोगात फरक पडू नये.

हरण्याचं प्रमाण वाढलंय. मंडळी खूश. मी हरलो की कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवतं, पाणी आणून देतं. शिष्यांनी गुरूला जपावं असं जपतात. काम नव्या लोकांना दटावतो: गप्प बसा, दिव्याला वारा लागू देऊ नका.

मात्र अजूनही सगळे माझ्या उलट लावतात. एकानंही माझं ऐकून बघितलं नाही. आणि सगळ्यांच्या चळती वाढतायत. यात काहीतरी आहे. सावकाश विचार करायला हवा. आज डोकं दुखतंय.

३ जून, सोमवार

विचार केला. उत्तर सापडलं: ते नशिबावर खेळतात. नशीब संपतं. माहिती संपत नाही.

ड्रॅगन नौकांच्या सणाला मोठा डाव ठरलाय. मादामांनी ओळखीपाळखीचे सगळे बोलावलेत, काही तर सीमेपलीकडून झुहाईहून येणार. सगळे माझ्यासाठी. आ-क्यून म्हणाली, त्या दिवशी मी गाडा बंद ठेवते. म्हटलं, सणाला धंदा जोरात असतो, वेडी आहेस का? म्हणाली, बहुतेक कायमचाच बंद ठेवीन.

एवढा विश्वास! मलासुद्धा माझ्यावर इतका नाही. म्हणजे आहे.

७ जून, शुक्रवार. दुपार.

झालं! सिद्ध झालं!

टेबलाभोवती माणसांवर माणसं. मी मध्ये. पडद्यावर झुरळ-रस्ता असा काही उघडला होता की वाचता न येणारालाही वाचता यावा. बँकर. मी बँकरवर लावलं. सगळं टेबल प्लेअरवर. बँकर आला.

पुन्हा बँकरवर लावलं. ते पुन्हा प्लेअरवर, दुप्पट. बँकर.

मी ओरडलो, अहो ऐका, माझ्या बाजूला या! कोणी हललं नाही. काम म्हणत होता, थांबा, आता फिरेल, दिवा आहे तो, फिरणारच. ते रक्कम वाढवत गेले, मी बँकर सोडला नाही आणि बँकरनं मला सोडलं नाही. पडद्यावर लाल गोलांची शेपटी लांबत लांबत काठाला लागली. खांबामागे कुणी बाई रडत होती. मी बघितलं नाही, मी रस्ता वाचत होतो.

शेवटी लावायला कुणाकडे काही उरलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, बघितलंत? मी कधीपासून सांगत होतो!

मादामांनी उरलेला चहा माझ्या तोंडावर फेकला. माझ्यासमोरच्या चिप्स, जिंकलेल्यासुद्धा, आपल्या पुढ्यात ओढल्या. भांडवल त्यांचं होतं, कायद्यानं बरोबर आहे. आणि कामनं माझी कॉलर धरली. काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे शंका नको. म्हणाला, अरे भाड्या, दिवा म्हणजे काय वाटलं तुला? दिवा म्हणजे पनवती! जिच्या उलट लावलं की पैसा येतो ती! एवढंच एक काम होतं तुझ्याकडे. तुला साधं पनवतीसुद्धा धड होता येत नाही!

पहारेकऱ्यांनी मला बाहेर काढलं. चष्म्यावर चहा.

मत्सर नसावा हा. नाही, मत्सर नाही.

७ जून. संध्याकाळ.

बसथांब्याच्या कठड्यावर आ-क्यून बसली होती. सणाचा चांगला ब्लाउज घातलेला. खांबामागची बाई तीच.

मी तिच्या शेजारी बसलो. तिनं सगळं सांगितलं, आवाज न चढवता, पेजेचा भाव सांगावा तसं. गोळी द्यायला आली त्या दिवशी मादामांनी तिच्या कानात सांगितलं होतं, दिवा म्हणजे काय ते. त्या दिवसापासून ती कामच्या हातून माझ्या उलट लावत होती. मी फंडातला जो डॉलर हरलो तो तिनं पलीकडून जिंकून आणला होता. सगळा फंड तिच्याकडे परत आला होता. तांदळाच्या डब्यात होता. वर थोडी भरही होती. आज शेवटचं लावून ती गाडा विकणार होती.

म्हटलं, मला सांगायचं तरी. म्हणाली, सांगितलं असतं तर दिवा विझला असता.

म्हणजे रोज इस्त्री करून मला तिथे हरायला पाठवत होतीस. म्हणाली, हो. आणि ते हसायचे तेव्हा तुला ठाऊक होतं. म्हणाली, हो. मासळीचे गाल? म्हणाली, तू जास्त हरलास की जास्त.

बस आली, गेली. मी विचारलं, आज सगळं लावलंस? म्हणाली, सगळं. म्हटलं, अगं, एकदा मला विचारायचं होतंस. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? म्हटलं, बँकर. म्हणाली, म्हणून तर प्लेअरवर लावले.

मग हसायला लागली. हसताना मनगट धरून हसत होती, दुखत असावं. लोक बघत होते. मलाही हसावंसं वाटलं, पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती थांबली. म्हणाली, आयुष्यात एकदा तुझ्यावर पूर्ण विश्वास टाकला. हरशील म्हणून. तेवढंही केलं नाहीस.

८ जून, शनिवार

शास्त्रीय दृष्टीनं पाहता कालचा निकाल माझ्या बाजूनं आहे. ही नोंद राहू द्यावी.

ती माझ्याशी बोलत नाही. गाडा अंधारातच उघडला. मीही उठलो. पातेल्याशी गेलो, पळी हातात घेतली. तिनं काढून घेतली नाही.

१९ जून, बुधवार

ढवळणं दिसतं तेवढं सोपं नाही. तळाला लागतं. काल दोन पातेली करपवली. गिऱ्हाइकं बोलून दाखवतात. एक म्हणाला, पूर्वी इथे पेज मिळायची.

काम आला होता. सगळं घालवलं, पुन्हा टॅक्सी चालवतोय. माझ्याकडे न बघता बसला. जाताना हळूच विचारलं, आज काय वाटतं तुला, बँकर की प्लेअर? मी म्हटलं, आता सोडलं ते. तरी, म्हणाला, सहज. म्हटलं, प्लेअर. तो बराच वेळ उभा राहिला. उलट लावावं की सुलट, त्याला ठरवता येईना. गेला तसाच, वाटी अर्धी टाकून.

२४ जून, सोमवार

काल संध्याकाळी आ-क्यून तांदूळ भिजवत होती. मी म्हटलं, थोडेच भिजव, उद्या वादळी पाऊस आहे, कुत्रंही फिरकणार नाही.

तिनं माझ्याकडे बघत दुप्पट भिजवले.

आज अंधारापासून मुसळधार. चौकात गुडघाभर पाणी. एक माणूस आला नाही. ताडपत्रीखाली आम्ही दोघं समोरासमोर बसून पेज पितोय. तिनं चौथ्यांदा माझी वाटी भरली. पोट फुटायला आलंय, पण नको म्हणायची सोय नाही.

पातेलं अजून अर्धं आहे.